अकरा क्लब, एक गाव

पंचांनी शिट्टी मारली आणि थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. पुलगावच्या मैदानात चारी बाजूंनी एकच गलका उठला. अंतिम सामना संपायला चार मिनिटं उरली होती. दोन्हीकडे गोल शून्य. आणि नाचणगावचा गोलकीपर अंकुश यानं नागपूरच्या पियुषला ऐन गोलसमोर पाडलं होतं.

नागपूरचा म्हणायचं ते अंगातल्या जर्सीमुळे. पियुष मूळचा नाचणगावचाच. याच अंकुशबरोबर अनवाणी खेळत वाढलेला. नाचणगावचं मंडळ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचलं होतं आणि पियुषच्या कारकिर्दीतला हा शेवटचा सामना होता. पुढच्या महिन्यात बायकोमुलांना घेऊन तो गावात बांधलेल्या नव्या घरात कायमचा राहायला येणार होता. नशिबाला थट्टा करायला हाच मुहूर्त सापडला.

"दादा, तुमीच मारा," असं म्हणत नागपूरचा तरुण कप्तान प्रफुल यानं चेंडू त्याच्या हातात दिला.

दोरीपलीकडून मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी ओरडले, "पियुष, बाबू! उद्या याच गावात राह्याचं हाय तुले!"

लोक हसले. भैय्याजी हसत नव्हते.

सोळा वर्षं आणि अकरा क्लब. गोवा, कोलकाता, केरळ, मिझोराम, पुन्हा गोवा. कुठल्याही पोस्टरवर पियुषचा फोटो कधी झळकला नाही. कुणाचा गुडघा गेला की त्याला फोन यायचा. तो एक बॅग उचलून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायचा. हंगाम संपला की क्लब आभार मानून मोकळा. तरी त्या अकरा क्लबांत पियुषबद्दल वाकडा शब्द बोलणारा एक माणूस सापडायचा नाही. असं नाव नुसत्या गोलांनी होत नाही. त्याला मन लागतं, आणि ते या माणसाकडे पोत्यानं होतं.

फुटबॉलवाल्यांची एक रीत आहे. आपल्या जुन्या क्लबविरुद्ध गोल केला, तर नाचायचं नाही. हात जोडून उभं राहायचं. खाल्ल्या मिठाला जागायचं. ज्यानं जन्मात दोन क्लब बदलले, त्याला हे सोपं आहे. पियुषचे इतके झाले होते, की समोर येईल तो जुनाच निघायचा. गेली कित्येक वर्षं तो गोल करायचा आणि बिचारा हात जोडून उभा राहायचा. त्याची आई धुरपताबाई मोबाइलवर सामना पाहायची आणि संपला रे संपला की फोन करायची, "गोल तं तूनंच केला नं? मंग तोंड काऊन पाडलं? कोनी मेलं काय?"

पियुषनं चेंडू ठिपक्यावर ठेवला.

त्याची पेनल्टी ठरलेली असायची. गोलकीपरच्या उजव्या हाताला, जमिनीलगत. अंकुशला ती लहानपणापासून पाठ होती. नेहमीसारखी तिथंच मारली असती तर अंकुशनं अडवली असती, आणि पियुषला कुणी बोल लावला नसता. कीपरनं अडवली, एवढंच. गाव कप घेऊन वाजतगाजत गेलं असतं, नव्या घराच्या दारात माणसं येत राहिली असती. खरं काय ते एकट्या पियुषला कळलं असतं.

तेवढंच त्याला जड जात होतं. सोळा वर्षांत त्यानं एकदाही पाय चोरला नव्हता.

अंकुश रेषेवर उभा होता. तो किंचित आपल्या उजवीकडे सरकला. पियुषनं ते पाहिलं. तो चार पावलं मागे गेला, धावत आला आणि त्यानं चेंडू अंकुशच्या डाव्या हाताला मारला.

अंकुशनं उजवीकडे झेप घेतली होती. चेंडू जाळीत गेला.

नागपूरची पोरं आरडाओरडा करत धावत आली. पियुषनं त्यांना हातानंच थांबवलं. गावकरी बसले होते त्या बाजूला तोंड करून त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली. गावाकडून ना शिवी आली, ना टाळी. ही शांतता त्यानं कुठल्याच मैदानावर ऐकली नव्हती. आपण आज आपलं गाव घालवलं, असं त्याला वाटलं.

अंकुश उठला. तोंडाला लागलेली माती न पुसता तो तरातरा चालत आला. दोरीजवळची माणसं उभी राहिली. भांडण होणार म्हणून पंच मधे पळाले. पियुष जागचा हलला नाही. दोन शिव्या, एखादी थप्पड, जे काय मिळेल ते मुकाट्यानं घ्यायचं त्यानं ठरवून टाकलं.

अंकुशनं त्याचे जोडलेले हात मनगटाशी धरले आणि हिसका देऊन वेगळे केले.

"हात तं सोडलेल्या क्लबाले जोडतेत नं बे?" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "आमाले कवा सोडलं तू?"