दिवेवाल्याच्या घरी

“थांब. मढं सापडलं ती गल्ली कुठल्या ठाण्याच्या हद्दीत?” आबांनी विचारलं.

अनुजानं पुस्तक मांडीवर आपटलं. सकाळपासून सव्वीस पानं झाली होती, आणि हा चौदावा प्रश्न होता.

“आबा, आत्ताच वाचलं की. त्या शहरातल्या गल्ल्या रात्री उठून चालायला जातात. सकाळी वाट्टेल तिथं येऊन निजतात. हद्द कसली आलीय त्यात?”

“मग बीट कसं लावत्यात? पंचनाम्यात चतुःसीमा काय लिवत्यात?”

तिचे वडील, कृष्णात हवालदार, रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. परवा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला, मोबाईल बंद केला. अनुजानं इचलकरंजीच्या शाळेतून रजा काढली होती आणि महिनाभर राखून ठेवलेली कादंबरी बरोबर आणली होती. आपण वाचू, आबाही ऐकतील, असा तिचा बेत होता.

तिनं दम धरून पुढं वाचलं. दिवेवाल्याचा खून झाला होता. सकाळी प्रेत सापडलं ते बाजारात. कारण ज्या गल्लीत तो पडला, तीच त्याला घेऊन रातोरात तिथं चालत आली होती. गुप्तहेर बाई गुडघे टेकून त्या गल्लीच्या फरशीला कान लावते. गल्ली बोलू लागते.

“गल्लीची साक्ष कोर्टात टिकत न्हाय,” आबा म्हणाले.

अनुजा न थांबता वाचत राहिली. गुप्तहेर बाई पळत्या गल्लीवरून दुसऱ्या गल्लीवर उडी घेणार, एवढ्यात आबांनी हात वर केला.

“त्याच्या घरी कोण गेलतं?”

“कुणाच्या?”

“दिवेवाल्याच्या. बायको हाय म्हणालीस. दोन पोरी हायत. सकाळी मढं घावलं, आता तुझ्या पुस्तकात रात झाली. घरला कुणी सांगितलं?”

“ते नाही दिलंय, आबा.”

“आसं कसं? बघ की नीट.”

“खुनी कोण, ते शोधायचंय यात. घरच्यांचं काय काम हाय इथं?” तिचा आवाज चढला. “एक पान सलग वाचू देत न्हाय तुम्ही.”

काळा चष्मा आबांनी भिंतीकडं वळवला. मग म्हणाले, “खुनी घावतोय. आज न्हाय तर उद्या. सायब लोक त्येच्या मागं असायचे. घरी सांगाय मलाच धाडायचे. ‘कृष्णात, तू जाऊन ये.’ एकोणतीस वर्षं.”

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. घरी सांगायचे ते चोरांचे किस्से, जोतिबाच्या यात्रेतला बंदोबस्त. मधूनच एखाद्या दिवशी न जेवता निजायचे. आई म्हणायची, ड्यूटी जड झाली असंल.

अनुजानं पानं चाळायला घेतली. दिवेवाल्याचं घर कुठंच येईना. शेवटपर्यंत गेली. शेवटून तिसऱ्या पानावर खुन्याचं नाव तेवढं डोळ्यांत शिरलं. महिनाभर राखून ठेवलेलं पुस्तक असं हातचं गेलं, म्हणून ती स्वतःवरच चरफडली. घरी कुणीच गेलं नव्हतं.

तिनं पुस्तक उघडं धरलं आणि त्यात नसलेलं वाचू लागली.

“मग हवालदार निघाला. दिवेवाल्याची गल्ली त्या दिवशी नदीपलीकडं जाऊन निजली होती. तीन पूल ओलांडून तो तिथं पोचला. त्यानं दार वाजवलं.”

“एकदम दार वाजवायचं नसतं,” आबा म्हणाले. “शेजारच्या बाईला आधी हाक मारायची. तिला संगं घ्यायचं.”

“त्यानं शेजारच्या बाईला हाक मारली. तिला संगं घेतलं. मग दार वाजवलं. दिवेवाल्याच्या बायकोनं कडी काढली. पोरी तिच्या मागं उभ्या होत्या.”

एवढं बोलून अनुजा अडली. आबा वाट बघत होते. समोरचं पान दुसरंच काहीतरी सांगत होतं.

“मग काय म्हणायचं, आबा?” तिनं हळूच विचारलं.

“कायबी न्हाय,” आबा म्हणाले. “टोपी काढायची. कळतं त्यास्नी.”