माहेरचा वारा

पौर्णिमा आली की चंद्रवस्तीतली निम्मी माणसं वर्ख घेऊन बाहेर पडत. सूर्याचा वारा त्या दिवसांत पृथ्वीची चिमूटभर हवा ओढून चंद्रावर आणून टाकतो, हे शास्त्रज्ञ चारुता देवस्थळींनीच शोधलं होतं. लोकांनी त्याला नाव दिलं माहेरचा वारा. ॲल्युमिनियमचा वर्ख पसरून तो धरायचा, घरी नेऊन तापवायचा आणि वर नाक न्यायचं. त्या हवेत माशीचाही एक श्वास भागला नसता, पण घोडकेकाकांना त्यात वारलेल्या बायकोच्या लसणीच्या फोडणीचा वास येई.

"काका, ही अगदी वरच्या थरातली हवा, तिला जमीन सोडून युगं लोटलीत," चारुताबाईंनी मागच्याच खेपेला त्यांना सुनावलं होतं. "काकू तेव्हा जन्मल्याही नव्हत्या."

"ती सगळीकडे आधीच जाऊन बसायची," काका म्हणाले होते.

आज चारुताबाई स्वतःच वर्ख घेऊन आल्या. साताऱ्यात त्यांची आई वारली होती, आणि चंद्रावर ठिसूळ झालेली हाडं घेऊन पृथ्वीवर परतायची सोय उरली नव्हती. जाड हातमोज्यांत वर्खाचं दुसरं टोक काही सापडेना. काकांनी येऊन ते धरलं. बातमी वस्तीभर पोचलीच होती.

"घट्ट धरा, बाई," हेल्मेटमध्ये त्यांचा आवाज आला. "आया हलक्या असतात, उडून जातील."

चंद्रावर काहीच उडत नाही, हे चारुताबाईंना सांगता आलं असतं. त्यांनी वर्ख दोन्ही हातांनी आवळला.

"काका," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तापवताना आच मंद ठेवता की मोठी?"