सहा खिशांचा कोट

लंडनला निघण्याच्या आदल्या दिवशी अब्बा कॅम्पातल्या आपल्या टेलरिंगच्या दुकानात माझ्या ओव्हरकोटाला आतून सहावा खिसा शिवत होते. तेव्हा विमानात चव्वेचाळीस पौंडांपलीकडे सामान चालत नसे. अंगावरचा कोट कुणी तोलत नसे. “पुस्तकं खिशांत भर, बेटा,” ते म्हणाले. “कुणी विचारलंच तर सांग, पुण्याची माणसं मुळातच जड असतात.” सांताक्रूझ विमानतळावर वजनकाट्यापाशी एका बाईंनी विचारलं, “कोट कुणी शिवला? शिवण सुरेख आहे.” अब्बा शेजारीच होते, गळ्यातली मापाची टेप काढायला विसरलेले. मी म्हणाले, “आमच्याकडच्या एका शिंप्यानं.” अब्बांनी टेप हळूच खिशात घातली. ती आमची शेवटची भेट. दोन वर्षांनी मी परतले, तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. समाचाराला आलेल्या नव्या शेजारणीनं खुंटीवरच्या कोटाची बाही चाचपली. “विलायती दिसतोय.” “नाही,” मी म्हणाले. “माझ्या अब्बांनी शिवलाय.”