रविवारचा फोन

"आज वार कोणता, आजी?"

"माहीत नाही," म्हातारी म्हणाली.

"अगं आई, सकाळीच सांगितलं ना तुला, बुधवार," लेक म्हणाली. लेकही सहासष्टची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. पण पोरीला परीक्षेला बसवून दाराबाहेर उभ्या राहिलेल्या आईसारखा तिचा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी हातानंच तिला थांबवलं. निकालावर बरंच अडलं होतं. विसरण्याचा आजार ठरला, तर एक्याण्णव वर्षांच्या आईला वृद्धाश्रमात ठेवायचं, असं तिनं आणि तिच्या बहिणीनं ठरवलं होतं. खोलीसाठी नावही नोंदवून झालं होतं.

हा कितवा मजला? माहीत नाही. चावी, छत्री, सफरचंद, हे तीन शब्द पुन्हा सांगा. माहीत नाही. घड्याळ काढायला कागद आणि पेन दिलं, तर म्हातारीनं पेनाला टोपण लावून ते परत केलं.

डॉक्टरीणबाईंनी या खोलीत शेकडो म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. आठवत नसलं की माणूस काहीतरी ठोकून देतं. ही बाई एकदाही चुकली नव्हती. तिनं प्रयत्नच केला नव्हता.

"जरा बाहेर येता?" त्या लेकीला म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. "हे असं कधीपासून?"

"आठ महिने झाले असतील."

"तेव्हा घरात काही झालं होतं?"

लेकीनं आवाज खाली आणला. "भाऊ गेला माझा. परगावी होता. आईला सांगितलं नाही आम्ही, या वयात सोसलं नसतं तिला. दर रविवारी त्याच्या मुलाला त्याच्या नावानं फोन करायला लावतो. त्याचा आवाज अगदी बापासारखा. सुरुवातीला आई बरी बोलायची. आता भावाचं नावसुद्धा काढत नाही. विसरली बिचारी, एका परीनं सुटली."

"दुःखानंही या वयात डोकं असं मिटून जातं. आणि तसंच राहू दिलं, तर मग खरोखरच विसरायला होतं."

"दुःख कसलं? तिला कळलेलंच नाही," लेक म्हणाली. घरादारानं आठ महिने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

आत म्हातारी मांडीवर हात ठेवून तशीच बसली होती. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारले.

"आजी, मुलं किती तुम्हाला?"

म्हातारीनं मान वर केली. लेकीकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"हिला विचारा," ती म्हणाली. "ती म्हणेल तेवढी."

लेकीनं आईचा हात धरला. म्हातारीनं तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"नातवाला म्हणावं, पुरे आता. बापाचा आवाज काढून माझ्याशी धड बोलतं पोर, आणि मग फोन नीट बंद न करताच रडत बसतं. त्याचं रडणं थांबेपर्यंत मी आपली फोन कानाला धरून बसते."