ताबा घेणारा

मेलिसने झालरीचं आच्छादन उचललं. संगणकाच्या पडद्यावर कारखान्यातलं प्लास्टिक अजून तसंच चिकटलेलं होतं.

"एजे, हा संगणक आहे की पडद्यामागे बसवलेली नवरी?"

"नवरीला चार दिवसांनी निदान चहा तरी करायला लावतात," मुख्याध्यापिका सोनुनबुबू म्हणाल्या. अख्खं गाव त्यांना थोरल्या बहिणीसारखं एजेच म्हणे. "तू बघ, तो चालू होतो का. उद्या राजधानीहून, बिश्केकहून, तपासणी समिती येतेय. बाकीचे लागतात, हा एकच मेल्यासारखा पडलाय."

मेलिस वीज खात्यात मीटर वाचायचा. उरलेल्या वेळात भंगारातले संगणक जोडायचा, आणि त्यातूनही वेळ उरला की टेलिग्रामवरच्या आपल्या चॅनेलवर मतं लिहायचा.

*मत, शिक्षणाबद्दल: आमच्या शाळेत संगणकाचा तास फळ्यावर होतो. पोरांनी माउस पाहिलाय तो खडूने काढलेला. खरे माउस शेजारच्या खोलीत आहेत, पाहुण्यांसाठी. शाळा कसली, कुलपांचं गोदाम आहे.*

त्याने संगणकाचा खोका उघडला, आतला बटणाएवढा सेल नखाने उचकटून काढला.

"हा गेलाय."

"गेलाय? हात कोणी लावला त्याला?"

"कोणीच नाही. म्हणून तर गेला. अधूनमधून लावला असतात तर जगला असता." त्याने खिशातल्या डबीतून दुसरा सेल काढून बसवला. यंत्र गुरगुरलं, पडदा उजळला. कोपऱ्यातली तारीख बरीच जुनी होती. "बघा. याला वाटतंय आपण अजून कारखान्यातच आहोत."

"कर की मग आजची तारीख."

त्याने केली.

*मत, सरकारबद्दल: आता सगळे दाखले घरबसल्या मिळतात. फक्त ते छापून, त्यावर शिक्का मारून घ्यायला जिल्ह्याला जावं लागतं.*

"झालं," सोनुनबुबू म्हणाल्या आणि आच्छादन उचलायला वाकल्या. मेलिसने त्यावर हात ठेवला.

"एक अट आहे. समिती गेली की कुलूप लावायचं नाही. पोरांना बसू द्यायचं."

"आणि मोडलं तर?"

"मोडू दे! मोडल्याशिवाय कोण शिकलंय? मी शिकलो का?"

"वाचलंय ते. कुलपांचं गोदाम. मीच ना ती कुलूपवाली?"

मेलिसचे कान तापले. "तुम्ही वाचता?"

"सगळं गाव वाचतं. आवडलं म्हणून कोणी कळवत नाही, एवढंच." त्या खुर्चीत बसल्या. "माझ्या आधीचे मुख्याध्यापक आठवतात? त्यांच्या काळात पृथ्वीचा गोल फुटला. शाळेच्या सामानाच्या नोंदीतून तो काही निघेना, म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्याचे तुकडे कपाटात जपून ठेवले. या खोलीतल्या वायरच्या तुकड्यावरसुद्धा माझी सही आहे. एक माउस हरवला तरी माझ्या पगारातून जाईल. मोडू दे म्हणणं सोपं आहे रे. मताखाली सही करावी लागत नाही."

"मग करा माझ्या नावावर!"

चहाच्या टपरीवर म्हणावं तसं तो म्हणून गेला. सोनुनबुबूंनी टेबलाचा खण ओढला. कागद तयारच होता, आणि त्याच्याखाली आणखी एक.

"हा ताब्याचा. हा नोकरीचा अर्ज. संगणक शिक्षकाची अर्धी जागा केव्हाची रिकामी आहे. मीटर वाचून झाले की येत जा. पगार विचारू नकोस, हसशील."

"तुम्ही हे आधीच लिहून ठेवलं होतंत?"

"तू लिहितोस, मीही लिहिते."

'ताबा घेणारा' या शब्दांपुढे जागा कोरी होती. मेलिसने पेन हातात घेतलं. हिवाळ्यात सगळ्या गावाच्या विजेच्या शेगड्या पेटल्या की विजेचा दाब किती कोसळतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एकदा वीज उसळून आली, तर किती यंत्रं जळतील? बायकोला काय सांगायचं?

*मत, सह्यांबद्दल:*

काही सुचलं नाही. त्याने सही केली.

"पोरांचं समिती गेल्यावर बघू," तो म्हणाला, जणू सही दुसऱ्याच कोणी केली होती.

"समिती कशाला? सहावीचा तास आहे आत्ता." सोनुनबुबू दारात जाऊन ओरडल्या, "सहावी! बूट बाहेर काढा!"

पोरं लोकरीच्या मोज्यांवर घसरत आत आली. एकेका खुर्चीवर दोघं-दोघं बसली. आज तारीख बदललेल्या यंत्रापुढे बेगिमाय नावाची एक मुलगी बसली. तिने प्लास्टिकच्या कोपऱ्याला नख लावलं.

"आगाय, हे काढू?"

शाळेत पुरुष शिक्षकाला आगाय म्हणतात. मेलिसला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"काढ."

प्लास्टिक चर्रकन निघालं. सगळे हसले. मग बेगिमायने दोन्ही हात बटणांवर ठेवले, आणि पडदा काळा झाला.

हसणं थांबलं. पोरांनी आपापले हात मांडीत घेतले.

"काय दाबलंस?"

"माहीत नाही, आगाय. दोन-तीन एकदम दाबली गेली."

ती रडायच्या बेतात होती. मेलिसचा हात तिच्या खांद्यावरून बटणांकडे निघाला आणि वाटेतच थांबला. नेमकं काय झालंय ते त्यालाही कळलं नव्हतं. काहीच नसेल. किंवा बरंच काही असेल.

त्याने हात मागे घेतला.

"परत दाब," तो म्हणाला. "या वेळी बघून दाब."

पाठीमागे त्याच्याच एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरून ठेवलं होतं. दारातून ते फक्त सोनुनबुबूंना दिसत होतं.