पुन्हा प्रयत्न करा

पडद्यावरचं चक्र वीस मिनिटं फिरलं आणि पान कोरं झालं. 'वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.'

शर्वरीनं मान वर केली. काचेपलीकडे आई डोक्याला तारा लावून निजली होती. तिच्या मनातलं सर्वांत खोल दुःख काढायचं होतं. म्हणजे पुरात वाहून गेलेला दादा. दुःखाबरोबर माणूसही आठवणीतून जातो, हे वाचूनच शर्वरीनं सही केली होती. दादा गेला म्हणून तर ती आईशी धरलेला सात वर्षांचा अबोला सोडून माहेरी आली होती.

सेतू केंद्रात दिवसभर दाखल्यांचे अर्ज भरणारी ती. पान अडकलं की पुन्हा बटण दाबायचं, ही बोटांची सवयच. तिनं दाबलं.

तंत्रज्ञ कुडतरकर आत आले, पडदा बघून जागीच थबकले. "परत दाबलंत? अहो, पान बंद पडलं तरी सर्व्हरचं काम मागे चालूच असतं. दादांचं मघाशीच झालं."

"मग आता काय काढतंय?"

"आता जे सर्वांत खोल असेल ते."

"थांबवा ना."

"मधेच थांबवलं तर त्या शुद्धीवर येणार नाहीत."

बाबांचं जाणं असेल, शर्वरी स्वतःला समजावत राहिली. दुसरं काय असणार?

तासाभरानं आईनं डोळे उघडले. चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता.

"आई," शर्वरी म्हणाली.

आई पदर सावरून उठून बसली. "बसा ना. कोणाकडे आलात तुम्ही?"