मागून चालणारी

माझ्या नातीच्या, अन्वीच्या, लॅटिनच्या पुस्तकात एक चित्र होतं. मागे शहर जळतंय. एका माणसाने म्हाताऱ्या वडिलांना खांद्यावर घेतलंय, वडिलांनी घरचे देव छातीशी धरलेत आणि लहान मुलगा बोट धरून चाललाय. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला येताना आमचे देव मीही असेच विमानात मांडीवर घेऊन आणले होते.

"कुठे निघालेत गं हे?"

"नवीन शहर करायला, आजी. मग त्यांच्या मुलांच्या मुलांनी रोम बांधलं."

"आणि याची बायको?"

"ती मागून चालत होती. हरवली."

"वळून नाही बघितलं याने?"

"आल्झो," अन्वी तिच्या जर्मन सवयीने म्हणाली, "खांद्यावर आजोबा असताना कसं बघणार?"

"म्हणून तिला तिथेच सोडून आला?"

समोर लॅपटॉपवर काम करणारा माझा मुलगा हृषिकेश एकदम म्हणाला, "आई, अर्धांगवायू झालेल्या माणसाचा विमा इथे कोणीच उतरवत नाही. विम्याशिवाय व्हिसा नाही. पुण्याच्या वृद्धाश्रमात बाबांचं सगळं नीट करतात. आणखी किती वेळा सांगू?"

मी खरंच चित्रातल्या माणसाबद्दल विचारत होते.